हिरवळीवरचा बिनडोक्याचा माणूस

आमच्या क्वार्टरच्या बागेत एक माणूस आडवा पडला होता आणि त्याला डोकं नव्हतं.

बाकी सगळं होतं. पसरलेले हात, फाकलेले पाय, रुंद छाती. पावसाळ्यात मी अंगणभर दूब लावली होती, दोरी धरून, ओळीत (माझ्या हाताखाली गवतही शिस्तीत उगवतं!). दिवाळीपर्यंत सगळीकडे हिरवंगार झालं आणि मधोमध हा गृहस्थ. त्याच्या अंगावरचं प्रत्येक पातं पिवळं पडून मरायचं. शेणखत घातलं. युरिया घातला. दोनदा नवी दूब लावली, मग झेंडू. तो हलला नाही. उलट दर आठवड्याला कडा अधिकच रेखीव!

संध्याकाळी कारखान्याकडे तापलेला स्लॅग, म्हणजे लोखंडाची मळी, ओतला की भिलाईचं आकाश शेंदरी व्हायचं. तो उजेड अंगणात थरथरायचा आणि मला वाटायचं, याची छाती वरखाली होतेय. उजेडाचा खेळ आहे हे मला पक्कं माहीत होतं. तरी वाळलेले कपडे मी त्याच्याकडे पाठ न करता काढायची.

कामवाल्या सुकवारोनं तो पाहिला आणि झाडू तिथेच टाकला.

"ए तो मनखे आय, बाई! मुड़ी नइ हे!" माणूस आहे म्हणे, आणि मुंडीच नाही.

सासूबाई तेव्हा आर्वीहून आल्या होत्या. त्यांनी व्हरांड्यातूनच विचारलं, "कोनाले गाडलं इथं?"

"कोणाला गाडणार, आई? मी फक्त दूब आणि झेंडू लावला होता."

"मंग झेंडू कावून मेला?"

आता बघावं तर मुंग्यांची रांगसुद्धा त्याला वळसा घालून चाललेली!

शुक्रवारी सासूबाईंनी फर्मान काढलं. "सोमवारी क्वार्टर बदलाचा अर्ज गेला पायजे. नाही तं मी पोरांले घेऊन आर्वीले चालली." ह्यांनी मुकाट्यानं सही केली. वरच्या मजल्यावर डब्यातल्या तुळशीवर सहा वर्षं काढल्यावर हे अंगण मिळालं होतं!

माझ्या हातात दोन दिवस उरले. सासूबाईंची समजूत पटावी म्हणून शनिवारी दिवेलागणीला सुकवारोनं आणलेल्या बैगाला मी आत घेतलं. भूत उतरवण्यात त्याचं गावात नाव होतं. तो त्या आकृतीभोवती तीनदा फिरला, मानेपाशी उकिडवा बसला आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "मुड़ी कहाँ हे?" (जणू मी ती कणकेच्या डब्यात ठेवली होती!)

मग त्यानं लिंबू कापून बरोबर छातीवर पिळलं.

जमीन फुसफुसली.

खरंच फुसफुसली! बारीक पांढरा फेस आला, विरला, पुन्हा आला. बैगा ताडकन उठला. "दाई, ए मोर बस के नो हे!" हे आपल्या आवाक्यातलं नाही, असं म्हणत फाटकाबाहेर. एक चप्पल इथेच.

"बोलून राहिला थो!" सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. "आयकलं का? बोलून राहिला!"

मेंदीच्या कुंपणापलीकडून कोणी तरी हसलं. शेजारचे वानखेडे, कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट.

"वहिनी, भूत नाही, मातीतला खार आहे. लिंबानं माती फसफसली म्हणजे तिच्यात चुना आणि सोडा भरलाय. अशा मातीत लोह असून मुळांना घेता येत नाही. पातं पिवळं पडणारच. युरिया ओतून काय होते?" मग त्यांचं हसू थांबलं. ते आकृतीकडे बघत राहिले. "पण हातापायांसकट असा आकार कोणी काढला?"

"मला काय विचारता? माझ्याकडे बागेची वही आहे. काय घातलं, किती घातलं, सगळं लिहिलेलं!" मी वही आणून वाचून दाखवली. चुना नाही. सोडा नाही. आकाश शेंदरी झालं.

तेवढ्यात हे ड्यूटीवरून आले. ह्यांचं काम चुन्याच्या भट्टीवर, त्यामुळे माझा नियम होता की तो शर्ट-पँट एकत्र शिवलेला बॉयलर सूट घरात येणार नाही. हे व्हरांड्यात सूट उतरवून पायजमा-बनियनवर उभे राहिले. पावसाळाभर तो मी मोरीत धुतला होता. उन्हाळाभर मात्र उघड्या अंगणात, रोज एकाच जागी, ताणून पसरायचा, काठीनं झोडायचा, वर मूठभर धुण्याचा सोडा, मग पाणी आणि ब्रश. आता अंगण कोरडं होतं. वानखेड्यांशी वाद घालता घालता मी तो नेऊन पसरला आणि बाह्या नीट सरळ केल्या.

सगळे माझ्या पायाशी बघत होते. मी खाली पाहिलं.

हात हातावर. पाय पायावर. कॉलर जिथे संपत होती, तिथून हिरवं गवत सुरू होत होतं.

"वहिनी," वानखेडे हळूच म्हणाले, "हातभर माती काढून टाका, चांगली पालापाचोळ्याची भरा. अन् हे धुणं दुसरीकडं न्या."

सासूबाई आत गेल्या, अर्ज घेऊन आल्या आणि माझ्यासमोर त्याचे चार तुकडे केले. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"भूत असतं तं क्वार्टर बदलून सुटलो असतो," माझ्याकडे बोट दाखवत त्या ह्यांना म्हणाल्या. "पन हे तं जिथं जाशीन तिथं आपल्यासंगच येईन!"