आईसाठी फळी

नव्वदनंतर आम्ही भिंगारला राहत होतो. शेजारीण कमी बोलायची, पण ठरवलं की हटायची नाही. तिची आई गेली तेव्हा फोटो एकही नव्हता, अडकित्ता तेवढा होता. तोच तिला देव्हाऱ्यात ठेवायचा होता.

"माहेरचं मानूस आमच्या देवात न्हाई चालत," सासूबाई म्हणाल्या.

"मग येगळी फळी ठोकते." ती माझ्याकडे आली. "भाऊजी, टेप आना. देवापेक्षा खाली नको, वर बी नको."

मी दोनदा मोजलं: चार फूट दोन इंच. खिळे तिनेच ठोकले.

रोज सकाळी ती अडकित्त्यापुढे सुपारी कातरून ठेवू लागली. आठवडाभर सासूबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "एवढी जाड कातरतीस? तुझ्या आईला दात कुठं हुते?"