रुंद पडद्यासाठी छाटलेली आई

इंग्रजी अमलातल्या खुनांच्या तपासावरची जुनी मालिका नव्या डिस्कवर आली. धाकट्या भावाने ती कौतुकाने आणली.

"जुन्या सीडीपेक्षा चित्र किती स्वच्छ आहे बघ," तो म्हणाला.

खरंच, फौजदाराच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. पण त्याच्या पायाशी बसून रक्ताचा डाग पुसणारी मोलकरीण दिसेना. ती भूमिका आमच्या आईने केली होती. जुन्या चौकोनी चित्राने नवा रुंद पडदा भरावा म्हणून कुणा शहाण्यांनी त्याची खालची बाजूच छाटली होती.

"आई कुठे गेली रे?" मी विचारलं.

जमिनीवर बसलेलं माणूस ज्यांना कचरा वाटतं, त्यांच्या या स्वच्छतेची मला किळस आली.

भावाने जुनी सीडी लावली. धुरकट उजेडात आईने डाग पुसला आणि मान वर करून फौजदाराकडे तुच्छतेने पाहिलं.