केळी बंद, पण सासऱ्यांची बागच केळीची!

मंडळी, सायनसने कपाळ जड झालं म्हणून आज सकाळी इथे बुऱ्हाणपुरात वैद्यांना दाखवलं. ओव्याची वाफ घ्या, झोपताना नाकात कोमट तूप सोडा, इथपर्यंत ठीक होतं. मग ते म्हणाले, “आणि थंडी आहे तोवर केळी बंद.”

माझे सासरे जवळच दापोरा गावात केळीच पिकवतात. दुपारी ते बागेतली फणी घेऊन आले. मी हात लावेना, तेव्हा खरं सांगावंच लागलं.

“केळ्यानं डोकं दुखतं? मग मी तर कधीच गेलो असतो, बेटा!” म्हणत ते ओट्यावर जाऊन बसले.

मी वाफ घेतली. नाक थोडं मोकळं झालं, मन मात्र नाही. हे दुखणं केळ्यामुळेच आहे, याची मला तरी कुठे खात्री होती?

निघताना त्यांनी दारातूनच विचारलं, “कच्च्या केळ्याची भाजी तर बंद नाही ना केली वैद्यांनी?”

“नाही केली,” मी म्हटलं. खोटं नव्हतं, पण मी वैद्यांना विचारलंच नव्हतं.

“मग उद्या कच्ची आणतो!” त्यांचा चेहरा खुलला.

सायनसला ही भाजी चालते का हो? कुणाला अनुभव असेल तर उद्या जेवायच्या आत सांगा.