टीममधली दुसरी

"हिच्या गाडीचं मागचं चाक काढा आणि इराच्या गाडीला लावा," मंदार सर म्हणाले.

शर्यतीला पाऊण तास राहिला होता. सकाळच्या सरावात इराची गाडी दगडावर आपटली होती आणि मागच्या चाकाची रिम वाकली होती. जादा चाक आणायचं राहून गेलेलं. मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यती, त्यात मुलींचा गट, आणि आमच्या टीममधून त्यात आम्ही दोघी. इरा आणि मी. टीम इराच्या काकांची. मंदार सर मॅनेजर.

शकीलभाऊ मेकॅनिक. लोणावळ्याचे, वयानं मोठे. ते पाना हातात धरून तसेच उभे राहिले. मग सर माझ्याकडं वळले.

"तूच काढ. तुला सवय आहे. बापाचं तेच काम ना."

आजूबाजूला दुसऱ्या टीमची माणसं होती. फोटोवाला होता. मी शर्यतीचे बूट घालून चिखलात गुडघ्यावर बसले. नट सोडला. चेन उतरवली. माझं सरळ चाक काढून दिलं आणि तिचं वाकडं बसवून घेतलं. इरा खुर्चीत बसून हेल्मेटची काच पुसत होती. पुसलेलीच काच परत परत पुसत होती.

ती पहिली आली. मी पाचवी. गाडी माझ्याखाली ट्रॅकभर नाचत होती. शर्यतीनंतर काका आले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, तुझा त्याग मला आवडला.

त्याग. मला कुणी विचारलं होतं?

आमचं गाव बेडसे. माझ्या वडलांचं, आबांचं, रस्त्याकडेला एक पत्र्याचं शेड आहे. दुचाकी, फवारणीचे पंप, पॉवर टिलर, येईल ते दुरुस्त करतात. दुरुस्त झालेली गाडी चालवून बघायची, हे काम माझं. बांधावरनं, ओढ्यातल्या गोट्यांवरनं. तिथंच शिकले. आंबीजवळच्या माळावर एकदा शर्यत झाली, तेव्हा एका गिऱ्हाइकाची गाडी मागून घेऊन गेले. सगळी पोरं, मी एकटी मुलगी. दुसरी आले. आठ दिवसांत मंदार सरांची कार शेडसमोर उभी.

करार तीन वर्षांचा. गाडी त्यांची, प्रवास त्यांचा, राहायला लोणावळ्यात, तुंगार्लीला काकांच्या बंगल्यामागं खोली. आबांनी चष्मा लावून सगळी पानं उलटली. सगळं इंग्रजी. त्यांनी एकच विचारलं, "पोरीला न्हाई जमलं तितं, तर दुसऱ्या कुणाकडनं पळवता येईल का गाडी?"

सर हसले. त्याची वेळच येणार नाही म्हणाले. आम्ही सह्या केल्या. आईनं त्यांना इंद्रायणी तांदूळ बांधून दिला.

मला कशाला घेतलं होतं, ते तिथं गेल्यावर कळलं. सरावाच्या ट्रॅकवर दोन्ही गाड्या आधी मी चालवायच्या. पुढचे शॉक किती घट्ट, टायरात हवा किती, कुठल्या वळणावर कुठला गिअर, हे मी पडून, खरचटून शोधून काढायचं. जमलं की शकीलभाऊ ते वहीत लिहायचे, आणि इराची गाडी तशी लावली जायची. माझी गाडी मग कुणी बघायचं नाही. फळ्यावर दोघींच्या वेळा लिहीत. काका यायच्या आधी सर माझी वेळ पुसून टाकत. एकदा मी विचारलं का पुसता. म्हणाले, तिचा आत्मविश्वास जातो.

आम्हा दोघींना ते एकमेकींपासून लांब ठेवत. जेवायच्या वेळा वेगळ्या. मला सांगत, इरा तुला गावठी म्हणते. तिला काय सांगत, ते एक दिवस तिच्याच तोंडून कळलं.

"तू सगळ्यांना सांगतेस का, की मी काकांमुळे इथं आहे? सर म्हणाले, तू मला मुद्दाम पाडणार आहेस."

मी तसं कधी बोलले नव्हते. पण पहिलं वाक्य मनात होतंच. म्हणून मी गप्प बसले. ती काय समजायचं ते समजली. आज वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी बाहेरच्या एका टीमनं मला विचारलं. मी धीर करून सरांकडं गेले. त्यांनी ड्रॉवरमधून करार काढून टेबलावर ठेवला. आम्हाला सोडलंस तर मुदत संपेपर्यंत कुणाकडूनच धावता येणार नाही, म्हणाले. मग शांतपणे म्हणाले, "इतके दिवस घरी बसलेल्या मुलीचं लग्न होतं. रेस होत नाही."

मी खोलीत आले. खिडकीतून बंगल्याची मागची भिंत दिसायची, बाकी काही नाही. घरी सांगावं तर गावात आबा ज्याला त्याला माझे फोटो दाखवत होते. राहिले.

मग हंगामाची शेवटची शर्यत आली. इराला हंगाम जिंकायला पहिलं यावंच लागणार होतं. सुरुवातीलाच मी पुढं निघाले. ठरवून नाही, गाडी निघाली. दुसऱ्या फेरीला शकीलभाऊ कडेला पाटी धरून उभे. पाटीवर लिहिलेलं: बाजूला हो. तिसऱ्या फेरीलाही तेच. शेजारी सर, हाताची घडी घालून.

आणि मी झाले. खोटं कशाला सांगू. उडीच्या आधीच्या वळणावर मी बाहेरच्या अंगाला गेले, आतली जागा मोकळी सोडली. पण इराला ते खरं वाटलं नाही. तिला वाटलं मी तिला पाडायला वळतेय. ती सरळ माझ्यावर आली. तिचं पुढचं चाक माझ्या पायात घुसलं. मी आडवी. मागून येणारी मुलगी माझ्या गाडीवर आदळली. ती साताऱ्याकडची, टीम नसलेली, भावाच्या गाडीवर धावणारी. तिचा घोटा मोडला. माझं गळपट्टीचं हाड. इरा पहिली आली.

त्या मुलीच्या भावानं तक्रार केली. मी ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर हात गळ्यात बांधून बसले होते. सर एक कागद घेऊन आले. त्यावर लिहिलेलं: माझा ताबा सुटला, मी आडवी आले, चूक माझी. खाली माझं नाव टाईप केलेलं. डावा हात चालतोय ना, त्यानं सही कर, म्हणाले.

पलीकडं स्ट्रेचरवर ती मुलगी ओरडत होती. भाऊ तिचं डोकं धरून बसला होता. मी सही केली असती तर जन्मभर तिनं मला शिव्या दिल्या असत्या. आणि मला त्या घ्याव्या लागल्या असत्या.

मी उठले आणि अधिकाऱ्यांच्या तंबूत गेले. सर मागं मागं. सगळ्यांसमोर बोलले.

"मला पाटी दाखवली, बाजूला हो म्हणून. मी जागा दिली. धडक मागनं बसली. ह्या कागदावर मी सही करणार न्हाई."

"नीट विचार कर," सर म्हणाले. "उद्या तुला गाडी कोण देणार?"

"कुणीच न्हाई देणार. तरी करणार न्हाई."

अधिकाऱ्यांनी इराला विचारलं. तिनं सरांकडं पाहिलं आणि आठवत नाही म्हणाली. शकीलभाऊंना विचारलं. ते म्हणाले, पाटीवर फेऱ्यांचा आकडा होता. माझ्याकडं न बघता म्हणाले. त्यांना दोन मुली आहेत, नोकरी आहे. मला राग आला तो अजून गेलेला नाही.

पण धडक त्या भावाच्या मोबाईलमध्ये दिसत होती. इराची जीत काढून घेतली. पाटीबद्दल कागदावर एक अक्षर आलं नाही. मंदार सर अजून मॅनेजर आहेत. मला मेसेज आला, टीममध्ये तुझी गरज नाही. करार मात्र चालू. तेरा महिने. त्यांच्याकडून धावायचं नाही, दुसऱ्याकडूनही नाही.

हाड जुळल्यावर सरांची कार परत शेडसमोर आली. नवीन कागद. मी रागाच्या भरात खोटं बोलले, माफी मागते, एवढं लिहून दे. मोकळी करतो. आबा म्हणाले, "कर की पोरी. सुटशील."

त्यांचा दोष नाही. त्यांना माझे हात रिकामे बघवत नव्हते. मलाही बघवत नव्हते. पेन हातात घेतला, हे खरं आहे. कागद पुरा वाचला. मग पेन त्यावर ठेवून कागद सरांना परत दिला.

"अजून अकरा महिने बाकी आहेत," ते म्हणाले.

"बसते," मी म्हणाले.

बसलेय. रोज शर्यतींचे फोटो येतात, बघते. इरा पुढं आहे. तिच्या टीममध्ये नवी मुलगी घेतलीय, कुठल्याशा खेड्यातली. तिचा नंबर मी मिळवलाय. कालच तिला फोन केला आणि फळ्यापासून पाटीपर्यंत सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला सरांनी सांगितलंय तुमच्याशी बोलायचं नाही. मी म्हणाले, मी रोज करीन फोन.

करीन. आणि करार संपला की, गाडी कसलीही असो, मी स्टार्टच्या रेषेवर उभी राहीन. ज्याला माझ्यापुढं जायचंय त्यानं माझ्यापेक्षा जोरात चालवून जावं. जागा मी देणार न्हाई.