काकांची करेक्शन स्लिप

उज्जैनमध्ये राहून मंत्रविद्या शिकायला विलायती पुस्तकं वापरणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझ्या मावशीच्या वाट्याला आला. ज्या गावात चहाच्या टपरीवरही दोन-चार साधक सहज भेटतात, तिथे आमचे काका शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रज मांत्रिकांच्या ग्रंथांच्या झेरॉक्स काढून, त्यांना स्पायरल बाइंडिंग करून वाचतात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "इथले लोक आधी गुरू करा म्हणतात. यात सगळं नियमानं लिहिलंय." काका रेल्वेत गार्ड होते. नियम पाहिल्याशिवाय त्यांनी कधी गाडी सोडली नाही, की घरातला कुकर उघडला नाही.

हा नाद मावशी गेल्यानंतरचा. मी तिला तपासणीसाठी इंदूरला घेऊन निघालो होतो. काका दुसऱ्या दिवशी येणार होते. मावशी दारात वळून "येते हं" म्हणाली, आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेले काका म्हणाले, "जा, जा, ऑटो थांबलाय." मावशी परत आली नाही. आपल्यात निघणाऱ्याला कुणी जा म्हणत नाही, ये म्हणतात. काकांच्या मनाला ते फार लागलं. सिद्धवटाच्या घाटावर दिवसकार्य सगळं यथासांग झालं, तरी लागलेलंच राहिलं. "तिथलं तिच्यासाठी होतं," ते मला एकदा म्हणाले. "मला तिला एकदा बोलावून नीट निरोप द्यायचाय." म्हणून हा सगळा अभ्यास.

आणि अभ्यास म्हणजे किती! नवशिक्यानं रोजनिशी ठेवावी, असं पुस्तकात होतं. काकांनी ती आपल्या जुन्या ड्युटीच्या वहीसारखीच आखली: "६.१० ध्यान सुरू. ६.१४ दूधवाला. ६.१९ पुन्हा सुरू. विलंब पाच मिनिटे, कारण बाहेरचे." चार दिशांच्या चार देवदूतांना मोठ्यानं हाक मारायची असते, ती ते अशा सुरात मारत की शेजारच्या भाभींना वाटे, कुठली तरी गाडी लेट झालीय. भाभींनी एकदा कुंपणावरून सुचवलंही, "काकाजी, इतना परेशान क्यों होते हो, अपने पंडितजी से करवा लो ना." काकांनी त्यांना वर्तुळ, त्रिकोण आणि ग्रहांचे तास यांवर पाऊण तास समजावून सांगितलं. त्यानंतर भाभी कपडे गच्चीवर वाळत घालू लागल्या.

अंगात चिन्हं काढलेला पांढरा झगा हवा होता. काका कापड घेऊन भैरवगढला, लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्याकडे गेले आणि त्याला पुस्तकातला पंचकोनी तारा दाखवला. त्यानं तो उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "अंकल, ये ठप्पा तो नहीं है. कैरी लगा दूँ? धुलने पे भी रंग नहीं जाएगा." झग्याला खालून वरपर्यंत लाल कैऱ्यांची किनार आली. त्यात काका एखाद्या हौसेनं बेतलेल्या चादरीसारखे दिसत, पण मला विचाराल तर गोड दिसत. जादूची काठी विलायती झाडाची, सूर्योदयाला एका घावात तोडलेली हवी होती. ते झाड माळव्यात कुठून येणार? काकांनी आपल्या हिरव्या झेंडीची काठी काढली.

असं काही बदललं की ते पुस्तकात चिठ्ठी डकवत. रेल्वेत नियम बदलला की करेक्शन स्लिप यायची, ती नियमपुस्तकात त्या त्या जागी चिकटवायची, ही चाळीस वर्षांची सवय. "'तारा' ऐवजी 'कैरी' असे वाचावे," खाली सही, तारीख. त्या इंग्रज मांत्रिकाला आपल्या ग्रंथात इतक्या दुरुस्त्या झालेल्या बघून काय वाटलं असतं कोण जाणे.

घोडं अडलं ते शेवटच्या प्रकरणात. जे कुणी बोलावलं असेल, त्याला शेवटी काठी उगारून, करड्या आवाजात 'निघून जा' असं तीनदा सांगायचं, ते जमणार नसेल तर विधी सुरूच करू नये, अशी ताकीद होती. तालमीला काकांनी मला बोलावलेल्याच्या जागी, रांगोळीच्या त्रिकोणात उभं केलं. बोलावलं मला झकास. पण हुकुमाची वेळ आली तशी उगारलेली काठी खाली आली, आणि ते म्हणाले, "बसा, चहा टाकतो." दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी काठीच भिंतीला टेकवून ठेवली. ज्या माणसानं जन्मभर गाड्यांना निघायची परवानगी दिली, त्याला हा एक निरोप देता येईना. मला हसू येत होतं आणि आतून वाईटही वाटत होतं.

एका शुक्रवारी पहाटे त्यांनी मला नानाखेड्यातल्या आपल्या घरी बोलावून घेतलं. सूर्योदयाबरोबर विधी सुरू झाला. वर्तुळात कैऱ्यांचा झगा घातलेले काका, समोर रिकामा त्रिकोण, आणि त्यावर सवयीनं पडलेलं हळदकुंकू. अर्धा तास त्यांनी पुस्तक वाचलं, मग ते मिटलं आणि मावशीला तिच्या नावानं हाक मारली. काही झालं नाही. पडदा हलला नाही, दिवा फडफडला नाही. काका त्रिकोणाकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि वर्तुळाबाहेर आले.

ते चहा टाकायला गेले तेव्हा मी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. ताजी चिठ्ठी होती, डिंक अजून ओला. "'निघून जा' हे शब्द गाळावेत. त्याऐवजी 'सावकाश ये, मी आहे' असे वाचावे." खाली सही, तारीख.

मी न राहवून विचारलं, मावशी आली होती का.

"ते कसं ओळखायचं, हे पुस्तकात नाही," काका कप पुढे करत म्हणाले. "पण आली असेल, तर या वेळी मी बरोबर बोललो."

मी निघालो तेव्हा ते झग्यातच फाटकापर्यंत आले. मी म्हटलं, "येतो काका." ते म्हणाले, "ये." गल्लीच्या वळणावर मागे पाहिलं, तर काका झेंडीची ती काठी वर धरून अजून उभेच होते.