ताणून न जाणारं दुखणं

डहाणूच्या मैदानावर मी सकाळी चालायला जाते, तेव्हा सगळे ज्यांना काका म्हणतात ते गृहस्थ फास्ट बोलर मुलांना सतरंजीवर झोपवून त्यांच्या पाठी मोकळ्या करत असतात. गुडघा छातीशी, मग मांडीचा मागचा भाग, सगळं सावकाश. कुणी झटका दिला की म्हणतात, "शेठ, पाठ हाय ती, बोटीचा दोर नाय." त्यांना स्वतःला वाकता येत नाही. खाली पडलेला बॉल ते पायानेच सरकवतात. वर्षभरात आम्ही कधी बोललो नव्हतो.

रविवारी तलासरीत होणाऱ्या फायनलला टीमला न्यायला मैदानाबाहेर टेम्पो उभा होता. सायवन गावातला एक मुलगा टीमचा सर्वांत वेगवान बोलर. काकांनी त्याला एका पायावर उभं करून मागे वाकायला लावलं. कमरेत कळ आली आणि तो कळवळला. काकांनी त्याची बॅग धरून ठेवली.

"हे ताणून जाणारं दुखणं नाय, हाडाचं असंल. आज बोलिंग नाय. आधी डॉक्टरला दाखव."

"मग फायनलला बोलिंग कोण टाकणार? तुम्ही?" कॅप्टन म्हणाला. सगळे हसले, काकाही हसले.

मुलाने त्यांच्याकडे न बघता बॅग ओढून घेतली आणि तो टेम्पोत चढला. ड्रायव्हरशेजारी काका बसायचे, तिथे आज दुसरंच कुणी बसलं होतं.

टेम्पो गेल्यावर काकांनी मला विचारलं, "मॅडम, मी चुकलो काय?"

"नाही काका," एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडून निघेपर्यंत काका रस्त्यावर पोचून तलासरीला जाणाऱ्या रिक्षेला हात करत होते.