सतरंजीची जळकी बाजू

कार्ड मेहकरचं होतं आणि त्याचा कोपरा फाडलेला होता. जळगाव जामोदला डाक दुपारी येते. कुणी गेल्याचं कळवताना कार्डाचा कोपरा फाडतात; तो बघताच मी घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं भराभर मनात घेतली, पण माझ्या दोस्ताचं, भिकूचं नाव काही मनात आलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाचं कसं येणार? विषमज्वरानं अकरा दिवसांत नेला म्हणे... मी कार्ड खिशात घातलं आणि कचेरीत जाऊन बसलो. सांगणार तरी कुणाला? भिकू कोण, हे या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आज त्याला महिना होत आला, म्हणून तुम्हालाच सांगतो.

पैनगंगेच्या काठी त्यांचा भाजीचा मळा. शाळेत तो माझ्या बाकावर बसे. कापूस घरात आला की मेहकरला नाटक कंपनी यायची, आणि ती आली की भिकूचं खाण्यापिण्यावरून लक्ष उडायचं. एकदा नायिकेचं काम करणारा नट सकाळी बाजारात त्याच्या दुकानाशी आला. साधं धोतर, डोक्याला रुमाल, हातात पिशवी. भिकूनं वर पाहिलं, लाल झाला आणि म्हणाला, "बाई, मेथी घ्या." आजूबाजूचे माळी पोट धरून हसले. नट बिचारा सभ्य, त्यानं मुकाट्यानं मेथी घेतली. पण भिकू त्यानंतर चार दिवस बाजारात बसला नाही, मायलाच पाठवत होता.

तंबूत जमिनीवर बसायला ज्यानं त्यानं आपलं अंथरूण न्यायचं. भिकूजवळ लाल-निळ्या पट्ट्यांची, दोघांपुरती सतरंजी होती. कुणाच्या तरी विडीनं तिचा एक कोपरा जळला होता. दार उघडलं की हा पहिला आत घुसे, पेटीवाल्याच्या समोर ती पसरे, जळक्या बाजूला स्वतः बसे आणि चांगली बाजू माझ्यासाठी राखी. मी जेवूनखाऊन सावकाश यायचो. तोवर कुणी टेकू लागलं की तो हात आडवा धरी. "माहा दोस्त येऊन राह्यला!"

आता ती फजिती सांगतो. एका नाटकात शेवटी राजा मरतो. तंबू चिडीचूप. बायका पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. आणि माझ्या शेजारून भिकू उभा राहून ओरडला, "वन्समोर!" गाणं नाही, पद नाही, मेलेल्या माणसाला वन्समोर! अख्खा तंबू फुटला. मेलेल्या राजाचं पोटसुद्धा हसून हलताना दिसलं. मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. घरी जाताना मी खेकसलो, "काऊन ओरडला बे?" त्यानं सतरंजी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "मले वाटलं, तो उठून बसन."

मी हसलोसुद्धा नाही. लोक आता आपल्यालाही याच्यासोबत मोजणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी कसला दोस्त!

पुढच्या साली मी तहसिलीत चिकटलो. कंपनी आली तेव्हा हेडक्लार्कसाहेबांनी मला खुर्चीचा पास दिला. कोट घालून मी त्यांच्या शेजारी बसलो, तोच बाजूला पेटीवाल्यासमोरून आरोळी आली, "वामन्या! इकडं बे, इकडं!" भिकू दोन्ही हात हलवत उभा होता. पुढच्या रांगेतली डोकी वळली. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला बोलावतोय का तो?"

"नाही," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाला असेल."

आणि मान वळवून पडद्याकडे बघत बसलो. मध्यंतरात चोरून तिकडं पाहिलं. माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यागत दाटलेली, आणि त्या गर्दीत अर्धी सतरंजी रिकामी. भिकूचा हात आडवा, तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेथीची जुडी घेऊन तो घरी आला. "काल तू दिसलाच नाही बे," म्हणाला. "गर्दीच लय होती."

"हो ना," मी म्हणालो, "गर्दी होती."

त्यानं मला पाहिलं होतं. मी त्याला पाहिलं, हेही त्याला ठाऊक होतं. माफी मागायला दोन शब्द पुरले असते, पण ती आज मागू, उद्या मागू करत राहिलो आणि माझी बदली झाली. मेहकरला गेलो की भेट व्हायची, चहा व्हायचा. बोलपट आले, तेव्हा मी त्याला चल म्हणालो, तर म्हणे, "पडद्यावरचा मानूस आपल्याले कुठं पाह्यते?" तो विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

तेराव्याला गेलो. भिकूच्या आईनं, सुभद्रामायनं ती सतरंजी आणून माझ्यापुढं ठेवली. मी उलगडली. जळक्या बाजूचे रंग उडून सुतं निघालेली, आणि दुसरी अर्धी बाजू... लाल तसा लाल, निळा तसा निळा.

"तुह्यासाठी जागा धरे बाबू तो," माय म्हणाली. "दर साली. म्या म्हनलं, वामन आता कायले येते? तं म्हने, आला तं बसन कुठं?"

मला रडू आवरेना. मायच पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचा मुलगा गेला होता आणि समजूत ती माझी काढत होती.

परवा इथं बाजाराच्या मैदानात एक लहानशी कंपनी उतरली. अलीकडे कंपन्या येतात कुठं! कचेरीतल्या मंडळींनी माझ्यासाठी खुर्ची धरली होती, पण मी मायनं दिलेली सतरंजी काखेत मारून दार उघडताच आत गेलो. पेटीवाल्याच्या समोर पसरली आणि जळक्या बाजूला बसलो. तंबू भरत आला. दुसऱ्या घंटेला एक गृहस्थ वाकून म्हणाला, "भाऊ, इथं कोन्ही हाय का?"

"हाव," मी म्हणालो. "येऊन राह्यला."

तो खांबाला टेकून उभा राहिला. पुन्हा पुन्हा त्या जागेकडं बघत होता बिचारा. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. मी त्याला बस म्हणालो नाही.